‘काही म्हणावयाचे नाही’ असं समजणारे तुम्ही कोण?

सरकारी नोटिशीच्या तळाशी एक ठरलेलं वाक्य असतं. ‘सदर मुदतीत खुलासा व कागदपत्रे सादर न केल्यास आपणांस काही म्हणावयाचे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ नोटीस पालिकेची असो, तहसील कचेरीची असो की आणखी कुठली, शब्द थोडे इकडेतिकडे, पण वाक्य तेच. आपण ते इतक्या वेळा वाचलंय की आता त्याच्याकडे लक्षही जात नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे वाक्य दिसलं की आधी कर्ता शोधायची सवय आहे. या वाक्यात कर्ताच नाही. ‘असे समजून’, पण समजणार कोण? ‘कार्यवाही करण्यात येईल’, पण करणार कोण? सही करणाऱ्या साहेबांनी स्वतःला वाक्यातून अलगद बाहेर काढलंय. वाक्यात माणूस एकच आहे, तो म्हणजे ‘आपणांस’. आणि त्याच्या वतीने आधीच ठरवून टाकलंय की त्याला काही म्हणायचं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. घरपट्टीच्या आकारणीत किंवा एखाद्या टेंडरमध्ये हे वाक्य चालत असेल तर चालू दे. पण माणूस कुठे जन्मला, तो या देशाचा आहे की नाही, हा प्रश्न जिथे असतो तिथे हे वाक्य चालता कामा नये. मुदत चुकणं हा कशाचाही पुरावा नाही. सोमवारपर्यंत जो भारतीय होता तो मंगळवारी कागद घेऊन पोचला म्हणून परका होत नाही. हे लहान मुलालाही कळतं. कचेरीत मात्र ते कोणाला कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नसतं.

आधी आमच्या भागाबद्दल बोलते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, सुरुवात १ ऑगस्ट १९६२ रोजी इथेच, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाली. कारखाने आले, त्यांच्यामागून माणसं आली. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून. किसननगर, हाजुरी, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या त्यांनी भरल्या. या माणसांचा जन्म बहुतेक गावी झालेला. घरात, दाईच्या हातांनी. नोंद करायची असते हेच कोणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना तालुक्याला जायला एक दिवसाची मजुरी सोडणं परवडत नव्हतं.

मग जन्मतारीख आली कुठून? शाळेतून. मूल दाखल करायला आणलं की मास्तर विचारायचे, केव्हा झालं? बाप सांगायचा, पूर आला होता त्या वर्षी, किंवा रमजानच्या आसपास. मास्तर शाळा सुरू होण्याचा महिना धरून मागे मोजायचे आणि जनरल रजिस्टरमध्ये लिहायचे, १ जून. आमच्या पालकांच्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या बघा, एका दिवसात एवढी मुलं जन्माला घालणं कुठल्याही देशाला जमणार नाही. यात मुसलमान आहेत तसेच मराठा, दलित, वंजारी, आदिवासी आणि भटके-विमुक्तही आहेत. ही काही कोणा एका धर्माची गोष्ट नाही.

नावांचं दुखणं वेगळंच. उर्दूत ‘ज़’ या आवाजाची चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए. मराठीत येताना चारही अक्षरं एका ‘ज’मध्ये बसतात आणि इंग्रजीत जाताना कधी जे होतात, कधी झेड. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याने ते समजून घ्यायचे. म्हणून एकाच बाईचं नाव शाळेच्या उर्दू रजिस्टरवरून मराठी दाखल्यात एक, रेशनकार्डावर दुसरं आणि आधारवर तिसरं होतं. बी, बेगम, बानो, खातून यांपैकी काय नावाला जोडायचं आणि काय आडनाव म्हणून लिहायचं, हे त्या दिवशी टेबलामागे कोण बसलंय त्यावर ठरतं. लिहिणारा प्रत्येक वेळी सरकारचा किंवा शाळेचा माणूस. जाब मात्र त्या बाईला विचारतात.

अशा माणसाच्या हातात जेव्हा सात दिवसांची किंवा पंधरा दिवसांची नोटीस पडते तेव्हा काय होतं ते सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मराठवाड्यातल्या एका गावात जन्मली. लग्न होऊन ठाण्याला आली त्याला पंधरा वर्षं झाली, इथे पॅकिंगच्या कामाला जाते. तिने आपल्या जन्माची उशिरा नोंद व्हावी म्हणून गावाकडे अर्ज केला. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, त्यामुळे अर्जही तिकडेच. कचेरीची नोटीस तिच्या माहेरच्या पत्त्यावर गेली. भावाने फोटो काढून मोबाइलवर पाठवला तेव्हा सातपैकी चार दिवस उलटले होते. मालकाकडून सुट्टी, रात्रीची गाडी, पोरांची सोय. ती पोचली ती मुदतीनंतर दोन दिवसांनी. पिशवीत आजोबांच्या नावचा सातबारा होता, वडिलांचा शाळेचा दाखला होता, तिचा स्वतःचा चौथीचा दाखला होता. कोणी पिशवी उघडायलाही सांगितलं नाही. अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली.

‘फेटाळला’ आणि ‘निकाली काढला’ हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, हे मी मुलांना शिकवते. फेटाळायचं तर आधी वाचावं लागतं. निकाली काढायला वाचावं लागत नाही, तारीख बघितली की पुरतं. त्या बाईला कोणीही म्हटलं नाही की तू इथे जन्मलेली नाहीस. तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. आणि तरी उद्या कोणी तिच्याकडे बोट दाखवलं तर तिच्या फायलीत पहिला कागद हाच निघेल: अर्ज केला होता, सिद्ध करू शकली नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. २१ दिवसांत जन्माची खबर द्यायची. तीस दिवसांपर्यंत उशीर झाला तर विलंब शुल्क, वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीपूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. दुरुस्तीनंतर ते काम जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेलं. म्हणजे न्यायालयाकडून महसूल खात्याकडे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली, आणि त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य कागद झाला. आमच्याकडे रोड नंबर २२ वर पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तिथल्या रांगेत उभे राहणारे तरुण आईबाप आता बाळाचा दाखला जपून ठेवायला शिकलेत, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या अम्मी-अब्बांच्या पिढीचा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मालेगावच्या उशिरा जन्मदाखल्यांवरून राज्यात गदारोळ झाला. बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले दिल्याचा आरोप झाला, विशेष तपास पथक नेमलं, अधिकारी निलंबित झाले, आणि राज्यभर उशिराच्या नोंदींचं काम थांबवलं गेलं. मार्चमध्ये नवी, आधीपेक्षा कडक कार्यपद्धती आली. मग ११ ऑगस्ट २०२३ नंतर नायब तहसीलदारांच्या सहीने निघालेले आदेश मागे घ्यायचं ठरलं, कारण त्यांना तो अधिकारच नव्हता.

क्षणभर थांबून हा प्रकार नीट बघा. सहीचा अधिकार कोणाचा हे अर्जदाराला ठाऊक असायचं कारण नाही. त्याला ज्या टेबलावर जा म्हणाले त्या टेबलावर तो गेला. चूक टेबलामागच्याची. दाखला कोणाचा गेला? टेबलापुढच्याचा. पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे, पुन्हा मुदत, आणि आता वरून संशयही. ज्याने बनावट कागद लावले असतील त्याच्यावर जरूर खटला भरा, मी एका शब्दानेही आडवी येणार नाही. पण ज्याचे कागद खरे आहेत त्यालाही त्याच दोरीने बांधायचं, याला तपास म्हणत नाहीत.

त्यात १२ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्याच एका प्रकरणात जामीन नाकारताना स्पष्ट केलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असणं एवढ्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. त्या एका माणसाबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्याचा निवाडा पुराव्यावर होईल. पण हे तत्त्व सगळ्यांना लागू होतं. म्हणजे खिशातली तिन्ही कार्डं बाजूला ठेवा आणि जुने कागद आणा. ठीक आहे, आणतो. पण जुना कागद म्हणजे गावच्या शाळेचं फाटकं रजिस्टर, तलाठ्याच्या दप्तरातली नोंद, आजोबांच्या नावाची नक्कल. या गोष्टी सात दिवसांत मिळत नाहीत, कारण त्या देणाऱ्याला कोणतीही मुदत घातलेली नसते. कागद सरकारच्या कपाटात, उशीर सरकारच्या कपाटाला, आणि घड्याळ लावलंय माझ्या मनगटावर.

हे पुढे कुठवर जाऊ शकतं ते बघायचं असेल तर आसामकडे बघावं लागेल. परदेशी ठरवणारी न्यायाधिकरणं आज तिथेच चालतात. २०२५ मध्ये नवा कायदा येईपर्यंत तिथे १९६४ चा आदेश लागू होता. त्यात नोटिशीला उत्तर द्यायला दहा दिवस, पुरावा द्यायला आणखी दहा दिवस. माणूस आला नाही तर एकतर्फी निकाल. आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार त्याच माणसावर. १ सप्टेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या नव्या कायद्यातही हा भार तिथेच आहे. केंद्र सरकारनेच २०१९ साली लोकसभेत सांगितलं की १९८५ पासून फेब्रुवारी २०१९ पर्यंत आसामात ६३,९५९ जणांना एकतर्फी परदेशी ठरवलं गेलं. एकतर्फी म्हणजे त्यांचं म्हणणं न ऐकता. त्यातले किती खरंच परके होते? या आकड्यावरून ते कळूच शकत नाही. हा आकडा फक्त एवढंच सांगतो की इतकी माणसं त्या दिवशी त्या खोलीत नव्हती.

नलबारी जिल्ह्यातल्या अशाच एकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २०१२ मध्ये तो न्यायाधिकरणासमोर हजर राहू शकला नाही म्हणून एकतर्फी परदेशी ठरला. पुन्हा सुनावणी झाली तेव्हा नावांच्या स्पेलिंगमधले आणि तारखांमधले फरक दाखवून पुन्हा परदेशी ठरला. ११ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि अहसानुद्दीन अमानुल्ला यांनी निकाल दिला की तो परदेशी नाही. कोणाचंही दार ठोठावून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, आधी संशयाला आधार दाखवा, आणि स्पेलिंगच्या किरकोळ फरकावरून कोणाला परका ठरवू नका, असं न्यायालयाने बजावलं. निकाल उत्तम आहे, प्रत्येक वकिलाने खिशात ठेवावा असा आहे. फक्त तो ऐकायला तो माणूस उरला नव्हता. त्याआधीच तो वारला होता.

आता मुदतीची दुसरी बाजू. आसामची राष्ट्रीय नागरिक नोंदवही ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. १९,०६,६५७ माणसं बाहेर राहिली, त्यांत मुसलमान आहेत तसे हिंदूही मोठ्या संख्येने आहेत. त्यांना अपिलासाठी १२० दिवस मिळणार होते. दिवस मोजायचे नाकारल्याची चिठ्ठी हाती पडल्यापासून. २०२४ संपलं तरी ती चिठ्ठीच निघाली नव्हती! लाखो माणसं ना आत ना बाहेर. त्यांनी दहा दिवस चुकवले तर ती परकी. सरकारने पाच वर्षं चुकवली तर त्याला काय म्हणायचं? सरकारला ‘काही म्हणावयाचे नाही’ असं आपण समजायचं का?

आसाम दूर वाटत असेल तर जवळचं बघू. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २ मे २०२५ च्या सूचनेप्रमाणे संशयित व्यक्ती आपण अमुक राज्याची आहे असं सांगत असेल तर त्या राज्याकडून तीस दिवसांत खातरजमा करून घ्यायची. आणि तीस दिवसांत अहवाल आला नाही तर? तर पुढची कारवाई, म्हणजे देशाबाहेर पाठवणं, करता येईल. म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या कुठल्यातरी कचेरीत फाइल पडून राहिली, तर त्या आळसाची शिक्षा कोठडीतल्या माणसाला. इथे तर त्याने मुदत चुकवलेलीही नाही. दुसऱ्याने चुकवलीय!

आणि ही तीस दिवसांची मुदत तरी पाळली का? जून २०२५ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडवरून मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला पोलिसांनी उचललं आणि आठवड्याच्या आत तो बांगलादेशच्या हद्दीत ढकलला गेला. पश्चिम बंगाल सरकारने कागद पुढे केले तेव्हा त्याला परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीत पकडलेल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला कुटुंबासह सीमेपार पाठवलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कोलकाता उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि गृह मंत्रालयाने स्वतःचीच सूचना पाळली नाही, भलतीच घाई केली, असं सुनावलं. गरिबाला मुदतीत यायला जमत नाही आणि सरकारला मुदत संपेपर्यंत थांबायला जमत नाही. नियम एकच, पण तो एकाच बाजूला लागतो.

माझ्या मुसलमान नसलेल्या वाचकांपैकी कोणाला वाटत असेल की हा आपला प्रश्न नाही, तर त्यांनी आपल्या अमेरिकेतल्या नातलगाला फोन करावा. तिथल्या इमिग्रेशन कोर्टाच्या नियमात साफ लिहिलंय की न्यायाधीशाने दिलेल्या तारखेपर्यंत अर्ज दाखल झाला नाही तर तो करण्याची संधी तुम्ही सोडून दिली असं मानलं जाईल. आमच्या नोटिशीतलं वाक्यच ते, इंग्रजीत. आश्रय मागणाऱ्याला १९९६ च्या कायद्याने एका वर्षाची मुदत घातली, आणि तिथे वकील सरकार देत नाही, ज्याचा त्याने करायचा. डोंबिवलीच्या किंवा पुण्याच्या घरातला इंजिनिअर मुलगा एच-वन-बीवर असतो, त्याची नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर मुलांना शाळेतून काढा आणि बॅगा भरा. त्या साठ दिवसांत आईबापांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आमच्या वस्तीत ती रात्र वर्षानुवर्षं चाललीय, एवढाच फरक आहे. तो मुलगा निदान परत येऊ शकतो. इथे जन्मलेल्याने परत जायचं कुठे?

आता विरोधी बाजू. ती काही बिनबुडाची नाही. मुदत नसेल तर प्रकरणं संपणारच नाहीत, खोटा माणूस वर्षानुवर्षं तारखा मागत राहील, अधिकाऱ्याने काम करायचं तरी कसं? मला हे मान्य आहे. शाळेत मीही वही तपासायला तारीख देते. पण ज्याने वही उशिरा दिली त्याचे गुण मी कापीन, तो माझ्या वर्गातलाच नाही असं ठरवणार नाही. मुदत कामाला शिस्त लावण्यासाठी असते. सत्य ठरवण्याचं काम तिच्यावर सोपवलं की ती चोराला नाही, गरिबाला पकडते. खोटे कागद करणारा मुदतीत हजर असतो, त्याचं तर तेच काम. मुदत चुकते शिफ्टमधल्या कामगाराची, अकरा महिन्यांच्या करारावर खोल्या बदलणाऱ्याची, न वाचता येणाऱ्या बाईची.

आणि उशीर माफ करणं आपल्या कायद्याला नवीन नाही. १९६३ च्या मुदत कायद्याच्या पाचव्या कलमात पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करता येतो. १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सरकारचंच अपील चार दिवस उशिरा आलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते दाखल करून घ्यायला लावलं आणि सांगितलं की उशीर करून सहसा कोणाचा फायदा होत नसतो, आणि दारातूनच परत पाठवलं तर खरी बाजू ऐकली न जाता मरते. २०१२ मध्ये टपाल खात्याने ४२७ दिवस उशीर केला तेव्हा त्याच न्यायालयाने माफी नाकारली, हेही खरं. तरीही सरकारचं म्हणणं ऐकून मग नाकारली. कोविडमध्ये तर १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ न्यायालयीन मुदतीतून वगळला गेला. आभाळ कोसळलं नाही. म्हणजे मनात असेल तर मुदत लांबते.

शेजारच्या मुंबईतलंच एक उदाहरण आहे. नव्वदच्या दशकात झोपडपट्ट्यांतल्या मतदारांना नोटिसा निघाल्या की नागरिकत्व सिद्ध करा, आणि मोजकेच चार प्रकारचे कागद चालतील असं सांगितलं गेलं. लालबाबू हुसेन प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मोडीत काढली. ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याला काढायचं तर संशयाचा आधार त्याला दाखवा, बाजू मांडायची वाजवी संधी द्या, आणि तो जे पुरावे आणेल ते बघा. तीस वर्षं झाली या निकालाला. नोटिशीचं वाक्य मात्र जागचं हललं नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि स्पष्ट आहेत. जन्म, रहिवास आणि नागरिकत्व यांच्या बाबतीत केवळ गैरहजेरीवर कोणताही अर्ज निकाली काढू नये, हाती असलेले कागद वाचून कारणांसह लेखी निर्णय द्यावा. नोटीस माणूस आज जिथे राहतो तिथे, त्याला वाचता येईल अशा भाषेत, हाती पडावी, आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी. जो कागद सरकारच्याच दुसऱ्या कचेरीतून यायचा आहे, तो येईपर्यंतचे दिवस अर्जदाराच्या खात्यावर टाकू नयेत. अधिकाऱ्याच्या चुकीने दाखला रद्द झाला तर नवा अर्ज त्या अधिकाऱ्याच्या खात्याने करावा, माणसाने नाही. आणि कोणालाही सीमेकडे नेण्याआधी त्याला वकील आणि न्यायाधीश दिसला पाहिजे.

हे होईपर्यंत आपण हात बांधून बसायचं का? नाही. बिरादरीला मला दोन शब्द सांगायचेत. एजंटाला दोन हजार रुपये देऊन निश्चिंत होऊ नका. अर्ज स्वतःच्या नावाने द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, तो घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदतीत कागद जमणार नसतील तर मुदत संपण्याच्या आत एका ओळीचा अर्ज द्या: कागद मागवले आहेत, मुदत वाढवून मिळावी. तेवढ्या एका ओळीने ‘काही म्हणावयाचे नाही’ हे वाक्य खोटं ठरतं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, ठरलेल्या वेळेत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अपील करायला शिका. गावच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आजच मागवा, गरज पडेल तेव्हा नाही. मशिदीत जुम्याला एवढे लोक जमतात, महिन्यातून एका जुम्यानंतर दोन वकील आणि दोन शिक्षक टेबल टाकून बसले तर वस्तीचे निम्मे अर्ज सुधारतील. वर्गण्या आपण कमी काढत नाही, एक वर्गणी फोटोकॉपी मशीनसाठीही काढू.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनाही सांगायचंय. दाखला मागायला आलेल्याला उद्या या म्हणू नका. आपल्या कपाटातलं ते जुनं रजिस्टर एखाद्या घराचा एकमेव साक्षीदार असू शकतं. नाव लिहिताना जसं रजिस्टरात आहे तसंच लिहा, उर्दूतून मराठीत आणताना अक्षर बदलत असेल तर कंसात दोन्ही लिहा.

अर्ज, मुदत, तारीख, दाखला, तहसील, नक्कल, दप्तर, वकील. कचेरीतले हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. त्यांना कोणी विचारत नाही की तुमची नोंद कधी झाली. उर्दूत ‘तारीख़’ म्हणजे दिवसही आणि इतिहासही. आमच्याकडून साहेबांना फक्त दिवस हवा असतो. इतिहासही आमच्याकडे आहे, पिशवीत घालून आणलाय, दोन दिवस उशिरा का होईना. तो उघडून बघा, वाचा, पटला नाही तर तसं कारण लिहा. पण आम्हाला काही म्हणायचं नाही असं समजू नका. आम्हाला पुष्कळ म्हणायचंय.